पावती पुस्तक क्रमांक चार

पहिल्या पानावर संस्थेचं नाव दोन भाषांत छापलंय,
वर कन्नड, खाली मराठी,
तरी दोन्हीकडची माणसं
पावती हातात आली की आधी उलटी करून बघतात.
मी खजिनदार. खानापूरच्या सोसायटीत
एकतीस वर्षं व्याज मोजलं,
आता उंदीर मोजतो.

ऑडिटर विचारतो, हे काय लिहिलंय,
'उंदीर, चाळीस नग, आठशे रुपये'?
म्हटलं, घुबडाचं जेवण.
'बिल?'
बिल कुठलं, साहेब.
मष्णूच्या पोरांनी भाताच्या गिरणीत पकडले,
वीस रुपयाला एक.
अंगठा घेतलाय बघा.

भरमाक्काची गोष्ट मोठी आहे.
जांबोटीच्या वाटेवर तिचं घर. अजगरानं
तिच्या दोन तलंगा गिळल्या
आणि तिसरी पोटात घेऊन लाकडांमागे निजला.
गुंडूनं त्याला पोत्यात घातला तेव्हा
ती परसात उभी राहून शिव्या देत होती,
अजगराला, आम्हाला, आमच्या आईबापांना.
मग आत गेली. चंची सोडत बाहेर आली.
"हे घ्या पन्नास. काय करूलासा रे त्याचं?
गाडीत तेल घाला आणि लांब सोडा. लांब!"
पावतीवर 'कारण' असा एक रकाना असतो.
लोक तिथं 'वडिलांच्या स्मरणार्थ' लिहायला सांगतात,
कुणी नातवाचा वाढदिवस.
तिचं मी लिहिलं: लांब सोडण्यासाठी.
एवढं खरं कारण या पुस्तकात दुसरं नाही.

कौलांच्या भट्टीवाले बिर्जेशेठ
पंचवीस हजार बोलले.
आनंदाच्या भरात मी पावती तिथंच फाडली.
अट एकच, फोटो.
घुबड उडताना, मागं त्यांचा फलक,
सकाळी अकराला,
कारण नंतर त्यांना हुबळी गाठायची होती.
गुंडू म्हणाला, अकराला सोडलं तर
कावळे त्याला बसस्टँडपर्यंतसुद्धा जाऊ देणार नाहीत.
शेठ म्हणाले, मग गरुड आहे का?

गरुड नव्हता.
होतं ते एक गव्हाणी घुबड,
शेठच्याच भट्टीच्या आढ्यात मांज्यानं कापलेलं,
पंख आता जुळलेला, वजन तीनशे दहा ग्रॅम,
फरशीच्या खोक्यातून
माझ्या पेनाकडे मान वळवून बघणारं.
पिकअपच्या मागच्या टायरची तार दिसत होती.
बेळगावच्या डॉक्टरांचे एक्स-रेचे पैसे द्यायचे होते.
रात्री दोनपर्यंत बेरीज केली.
खोटं कशाला बोलू,
उद्या अकराला ढगाळ असेल का, हेही मनात आलं.

सकाळी फोन केला. रात्री साडेआठला या, शेठ. फ्लॅश नको.
'मग दिसणार काय?'
काही नाही.
बराच वेळ पलीकडून फक्त
कौलं ट्रकात रचल्याचा आवाज येत राहिला.

रात्री भट्टीवर मी, गुंडू आणि वॉचमन रुद्राप्पा.
खोकं उघडलं. ते बसूनच राहिलं,
इतका वेळ, की गुंडूची बिडी संपली.
मग खोकं रिकामं होतं.
पंखांचा आवाज नाही, काही नाही.
"होय्तू," रुद्राप्पा म्हणाला,
आणि आम्ही तिघं काळ्या आढ्याकडे
तोंड वर करून उभे राहिलो.

रद्द पावती फेकता येत नाही,
तिन्ही प्रती पुस्तकातच टाचून ठेवायच्या, नियम आहे.
दाबून लिहायची माझी सवय,
त्यामुळं पुढच्या कोऱ्या पानावरही
पंचवीस हजारांचा वळ उमटलाय.
त्याच वळावर लिहिलं:
रुद्राप्पा, भट्टी वॉचमन, रुपये वीस फक्त.
कारण विचारलं तर हसला,
म्हणाला, एक उंदीर.

टायर अजून तेच आहे.